कोळशाच्या गावातलं पत्रलेखन

पत्रलेखन शिकवताना आपण सगळेच साधारण तीच पत्रं लिहून घेतो. रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी, पुस्तक विक्रेत्याकडे पुस्तकांची मागणी, नगरपालिकेकडे कचऱ्याची तक्रार. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. मुलांना डावी-उजवी बाजू पाठ होते आणि गुण मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या 'विषय' नावाच्या एका ओळीवर एखाद्या घराची चार एकर जमीन टांगलेली असू शकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची कोल्हापूरची. जिल्हा परिषदेची नेमणूक मिळाली ती चंद्रपूर जिल्ह्यात, आणि आंतरजिल्हा बदली होईपर्यंत नऊ वर्षं तिथेच गेली. (बदलीच्या याद्यांकडे डोळे लावून बसलेल्यांना या वाक्यातलं दुखणं समजावून सांगायला नको.) महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्ध्याला उतरायचं, तिथून वरोऱ्याची गाडी, पुढं एसटी. आपल्याकडच्या मुलांना कोळसा म्हटलं की इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा आठवतो. दगडी कोळसा फक्त भूगोलाच्या नकाशात, वर्धा नदीच्या खोऱ्यात काळा चौकोन काढण्यापुरता. मी त्या काळ्या चौकोनात राहत होते.

वर कापसाची काळी जमीन, खाली कोळसा. कापूस, सोयाबीन, तूर. गावाच्या एका अंगाला शेतं आणि दुसऱ्या अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. पहिल्याच वर्षी चौथीतल्या एका मुलीनं 'माझं गाव' या विषयावर चित्र काढलं, त्यात सपाट माथ्याची टेकडी होती, झाड एकही नाही. मी म्हटलं, "टेकडीवर झाडं काढ की." ती म्हणाली, "मॅडम, तिथं झाडं नाही राहत. ते आमचं वावर होतं, त्याच्यावर माती टाकली." तिच्या आजोबांचं शेत त्या ढिगाखाली होतं.

दुपारी ठरलेल्या वेळी भोंगा व्हायचा आणि मग सुरुंग. मुलं आपोआप वाचन थांबवायची, हादरा बसला की पुढच्या ओळीपासून सुरू करायची. शाळेच्या एका भिंतीला तडा गेला होता. आमच्या मुख्याध्यापकांनी एक साधी गोष्ट केली. तड्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारीख टाकली. तडा वाढला की पट्टी फाटायची. फाटलेली पट्टी तशीच ठेवायची, शेजारी नवी लावायची, नवी तारीख. कोणी साहेब आले की सर काही बोलत नसत, नुसतं त्या भिंतीपाशी घेऊन जात. तारखेची ताकद मला पहिल्यांदा तिथं कळली.

एका संध्याकाळी सहावीतल्या मुलाचे वडील राजपत्राची छायाप्रत घेऊन आले. घडी इतक्यांदा घातलेली की मधली ओळ पुसली गेली होती. "मॅडम, हे वाचून सांगा ना जी. मायं नाव हाय काय याच्यात?" नाव नव्हतंच. नुसती सर्व्हे नंबरांची रांग होती आणि हद्दीचं वर्णन, अमुक बिंदूपासून तमुक नाल्यापर्यंत. कागद आठवडाभर गावात फिरला होता. प्रत्येकानं आपलं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि आपण सुटलो असं समजून पुढच्याला दिला. त्यांचा सातबारा आणायला सांगितला. नंबर जुळला.

तो कागद होता १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र (अर्जन व विकास) अधिनियमाखालचा. 'अर्जन' शब्द ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण अर्ज करायचा काय?" हसू आलं, पण पोराचं चुकलं नव्हतं. अर्ज फारशी-अरबीतून आलेला, अर्जन संस्कृतातलं, मिळवणं. इथं अर्जन म्हणजे सरकारनं जमीन ताब्यात घेणं, आणि त्यावर गावाच्या हातात उरतो तो अर्ज.

या कायद्याची रीत शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा समजून घेण्यासारखी आहे. आधी कलम ४ ची अधिसूचना निघते, म्हणजे या भागात कोळसा शोधायचा आहे. मग कलम ७ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा आहे. त्यानंतर हरकतीला ३० दिवस. मग कलम ९ ची घोषणा, आणि कलम १० नं जमीन केंद्र सरकारची झाली, सगळ्या बोजांतून मुक्त. पुढं ती सरकारी कोळसा कंपनीकडं सोपवता येते. २०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल असं ठरलं. कोळशाचा १९५७ चा कायदा त्या अटीच्या बाहेर ठेवला. नुकसानभरपाई नव्या कायद्याप्रमाणं, पण होय-नाही विचारणं नाही.

कलम ८ खाली एक स्पष्टीकरणही आहे. मला स्वतःलाच इथं कोळशाची खाण काढायची आहे आणि सरकारनं किंवा दुसऱ्या कोणीही ती काढू नये, असं म्हणणं ही या कलमाखाली हरकत धरली जाणार नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. आणि सगळ्या गावानं अंगठे करून नुसतं 'आम्हाला खाण नको' असं लिहून दिलं, तरी संमतीची अटच नसल्यानं तेवढ्यानं खाण अडत नाही. आणि माणूस मनातलं लिहायला बसला तर पहिलं वाक्य तेच लिहिणार!

गावात आधी एक अर्ज तयार झाला होताच. सुंदर अर्ज होता. काळी आई, पिढ्यान् पिढ्यांचा घाम, सगळं होतं त्यात. मराठीची शिक्षिका म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तो बाजूला ठेवून आम्ही दुसरा लिहिला. सर्व्हे नंबर अमुक, क्षेत्र अमुक. गावाच्या नळाची टाकी याच शेतातल्या विहिरीवर भरते. नकाशात नाला दाखवला आहे तिथं तो नाही, तो शंभर पावलं पूर्वेला आहे. स्मशानाची वाट या जमिनीतून जाते, दुसरी वाट नाही. विहीर आणि सागाची झाडं सातबाऱ्यावर नोंदलेली नाहीत, पण जागेवर आहेत, पाहणी व्हावी. पत्ता कोलकात्याचा, कोळसा नियंत्रकांच्या कार्यालयाचा. पोस्टात रजिस्टर करून पावती जपून ठेवायची. भूमिहीन मजुरांचं काय लिहायचं, इथं आम्ही बराच वेळ अडलो. त्यांच्या नावावर नंबरच नव्हता. शेवटी कोण कोणाच्या शेतात किती वर्षं कापूस वेचतं याची यादी जोडली.

पुढं काय झालं ते सरळ सांगते. जमीन राहिली नाही. सुनावणीचं पत्र आलं, फेरपाहणी झाली, विहीर आणि झाडं मूल्यांकनात धरली गेली, स्मशानाची वाट वळवून मिळाली. मजुरांच्या यादीला उत्तर आलं नाही. ज्या घरांनी काहीच लिहिलं नव्हतं त्यांच्या विहिरी कागदावर नव्हत्या, म्हणून पैशातही आल्या नाहीत. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी जेवढे शाळा सोडल्याचे दाखले लिहिले तेवढे आधीच्या सगळ्या नोकरीत लिहिले नव्हते. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात आपण ठरलेले दोन शब्द लिहितो, पालकांचे स्थलांतर. जनरल रजिस्टरची ती पानं उघडली तर गाव कुठल्या महिन्यात रिकामं होत गेलं ते महिन्यानिशी कळतं. मजुरांची मुलं आधी गेली, शेतकऱ्यांची नंतर.

मी मोर्चात गेले नाही. सेवाशर्ती आहेत, आणि ते माझं काम आहे असंही मला वाटलं नाही. पण पालकानं आणलेला कागद वाचून दाखवणं हे शिक्षकाचं काम नाही, असं कोणी मला म्हणालं तर मी ते ऐकणार नाही.

सगळीकडं असंच होतं असं मात्र नाही. चंद्रपूरच्या उत्तरेला ताडोबाच्या जंगलालगत लोहारा इथं अदानी समूहाला कोळसा खाण हवी होती, तिरोड्याच्या वीजप्रकल्पासाठी. २००९ मध्ये चंद्रपूरकर रस्त्यावर आले, इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी चौदा दिवस उपोषण केलं, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं तो प्रस्ताव पुढं जाऊ दिला नाही. २०२० मध्ये केंद्रानं ४१ कोळसापट्ट्यांचा लिलाव काढला, त्यात चिमूर तालुक्यातलं बंदर होतं. (माझ्या इथल्या वर्गात हे नाव सांगितलं की मुलांना गलबतं आठवतात. समुद्र तिथून कित्येक शे किलोमीटर लांब!) वाघांच्या येण्या-जाण्याची वाट तिथून जाते. विरोध झाला आणि त्या वेळच्या यादीतून ते नाव निघालं. एक गोष्ट मात्र मला खटकते. दोन्ही ठिकाणी वाघ बाजूला उभा होता. ज्या गावाजवळ वाघ नाही, नुसती कापसाची शेती आहे, तिथं कागदाशिवाय कोण उभं राहणार?

नागपूरजवळ कळमेश्वर तालुक्यात गोंडखैरी आहे. संत्री आणि कापसाचा भाग. तिथं भूमिगत कोळसा खाणीसाठी जुलै २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, आणि आजूबाजूच्या गावांनी पाण्याचा प्रश्न पुढं केला. खाण जमिनीखाली असली तरी विहिरींचं पाणी खाली ओढलं जाईल, संत्र्याच्या बागा कशावर जगवायच्या? तिथं विरोध फक्त 'नको' एवढा नव्हता, प्रश्न होते. वर्गात दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

जनसुनावणीचे नियम २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहेत. किमान ३० दिवस आधी नोटीस, एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात. प्रकल्प अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. आणि शेवटी, सुनावणीचं इतिवृत्त त्याच दिवशी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून, समजावून सांगायचं आणि मग त्यावर सही व्हायची. आपल्या विषयाचं काम कायद्यातच लिहून ठेवलंय, बघा. वाचून दाखवलेलं आपण बोललो तेच आहे का, हे कानानं पकडणारी माणसं मात्र गर्दीत असायला लागतात. श्रुतलेखन आपण कशासाठी घेतो?

आता कोल्हापूर. इथं कोळसा नाही, मग कोळशाचं इतकं पुराण का, असं काही पालकांना वाटेल. माझी आताची शाळा राधानगरी तालुक्यात आहे. इथल्या डोंगरांच्या सपाट माथ्यांना, सड्यांना, जांभ्याची टोपी आहे आणि त्या जांभ्यात बॉक्साइट. दुर्गमानवाड मुलांना विठ्ठलाई देवीमुळं माहीत असतं. तिथंच बॉक्साइटची खाण आहे, आणि कोल्हापूरच्या सड्यांवरचं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडं जात आलंय. घरातल्या पातेल्याचा जन्म इथला, हे मुलांना फार आवडतं. सड्याचं दुसरं काम त्यांना घरी माहीत असतं, पुस्तकात नाही. पावसाळाभर तो जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात पायथ्याच्या झऱ्यांतून सोडत राहतो. माथ्यावरचे धनगरवाडे आणि खालच्या वाड्या त्यावर मे महिना काढतात. टोपी काढली की पाणी थांबायला जागा कुठली?

पण वर्गात हे एका दमात सांगून मोकळं होता येत नाही. सातवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, खाण बंद केली तर पप्पांची गाडी कुठं चालवायची? आमचं हप्तं हाईत की." त्याचे वडील बॉक्साइटच्या डंपरवर. त्याच बाकावर बसलेल्या पोराच्या वाडीचा झरा सड्याखालचा. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं, आजही नाही. चंद्रपुरातही एका घरात एक भाऊ खाणीत कामाला आणि दुसरा खाणीविरुद्ध अर्ज लिहिणारा, असं मी पाहिलंय, आणि रात्री दोघं एका ताटाशेजारी बसायचे. मुलांना एकच बाजू शिकवली तर त्यातल्या निम्म्यांना आपला बाप चूक वाटायला लागतो. ते मला करायचं नाही.

आणि आपल्याकडची गावं नेहमी खाणीविरुद्धच उभी राहिली असंही नाही. माधव गाडगीळ समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडलं, तेही माहिती अधिकारात भांडल्यावर, आणि इंग्रजीत. तोवर कोल्हापूरच्या डोंगरी भागात 'घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत' एवढंच तोंडातोंडी पोचलं होतं. विरोधाचे ठराव झाले. घाटाखाली सिंधुदुर्गात मात्र सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या पंचवीस गावांनी उलटा ठराव केला होता, आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. खाणी त्यांच्या दाराशी आल्या होत्या. एकच घाट, एकच अहवाल. वाचायला आपल्या भाषेत वेळेवर मिळाला असता तर आपल्या गावांनी काय ठरवलं असतं, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडलं असतं. कदाचित विरोधच केला असता, पण तो वाचून केलेला असता.

बॉक्साइटचंच उदाहरण हवं असेल तर ओडिशातल्या नियमगिरीचं सांगते. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि डोंगरावरच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. त्यांच्यामागं २००६ चा वनहक्क कायदा होता. तिथं 'नको' हा शब्द मोजला गेला. १९५७ च्या कायद्यात तोच शब्द मोजला जात नाही. कुठल्या कागदावर कुठला शब्द चालतो, हे कळणं म्हणजेच साक्षरता असं माझं मत होत चाललंय. शक्तिपीठ महामार्गाच्या हरकती लिहिताना कागल, भुदरगड, आजऱ्याकडच्या अनेक पालकांनी हा अनुभव घेतलाच आहे, त्यांना मी वेगळं काय सांगू?

वर्गात मी काय करते ते थोडक्यात. रोपवाटिकेचं पत्र होतंच, परीक्षेला ते लागतं. त्यानंतर एक तास खऱ्या नोटिशीचा. वर्तमानपत्रातली कुठलीही जाहीर नोटीस चालते. मुलांनी पेन्सिलीनं फक्त तीन गोष्टी शोधायच्या: शेवटची तारीख, जमिनीचा नंबर, हरकत कोणाकडं. घरून सातबाऱ्याची प्रत आणायची आणि 'इतर हक्क' आणि पिकांचे रकाने वाचायचे. एका मुलीच्या घरची बोअर आणि आंब्याची झाडं सातबाऱ्यावर नव्हती. तिच्या वडिलांनी नंतर तलाठ्यांकडं जाऊन नोंद करून घेतली, हे मला गुणपत्रिकेपेक्षा मोठं वाटलं. पालकांनो, ई-पीक पाहणी मोबाइलवर होते, तुमच्या मुलांना ती तुमच्यापेक्षा लवकर जमेल. त्यांच्याकडून करून घ्या.

दुसऱ्या तासाला काल्पनिक खाणीची जनसुनावणी. एक जिल्हाधिकारी, एक कंपनीचे साहेब, एक धनगरवाड्यावरची आजी, एक डंपर ड्रायव्हर, दोन जण इतिवृत्त लिहिणारे. कंपनीचे साहेब व्हायला सगळ्यात हुशार मुलगा निवडा, नाहीतर सुनावणी लुटुपुटूची होते. नियम एकच, 'नको' किंवा 'पाहिजे' एवढंच बोललेलं लिहायचं नाही. कारण सांगा, आकडा सांगा, जागा दाखवा. आजी झालेली पोरगी म्हणाली, "झरा आटंल." इतिवृत्त लिहिणारा म्हणाला, "आटंल म्हंजे किती? आत्ता किती हाय?" कोणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर झऱ्यावर गेलो, बादली धरली आणि ती भरायला लागलेले सेकंद तारखेसह वहीत लिहिले. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघंजण जातात. वही शाळेच्या कपाटात असते.

तुमच्यापैकी कोणी असा तास घेणार असाल तर एक सूचना. सुनावणीनंतरचा अर्ज घरी लिहायला देऊ नका, वर्गातच लिहून घ्या. घरी दिला की काळी आई आणि घाम परत येतो. डंपरवाल्याच्या मुलानं वर्गात लिहिलेल्या अर्जातली विषयाची ओळ, तिच्यातलं फक्त शुद्धलेखन सुधारून, देते:

'विषय: खाणीवरच्या ड्रायव्हरांना वर्षभराच्या कामाची लेखी हमी मिळणेबाबत, तसेच खाणीच्या आधी व नंतर झऱ्याचे पाणी गावासमोर मोजणेबाबत.'